अंकावरचा पत्ता

गोंदियाला टपालाने आलेल्या जुन्या मासिकाच्या वेष्टनावरचा पत्ता नीट वाचला, तर आतले पान न उलगडता अंक साधारण कधीचा ते सांगता येते. ‘गोंदिया, जि. भंडारा, सी. पी.’ असे असेल तर अंक स्वातंत्र्याच्या आधीचा, फार तर लगेच नंतरचा. ‘म. प्र.’ असेल तर १९५० ते १९५६ च्या दरम्यानचा, कारण तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि भंडारा जिल्हा त्याच राज्यात होता. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० मधला. मग ‘महाराष्ट्र’. पत्त्यात ४४१६०१ हा पिनकोड दिसला की १९७२ चा ऑगस्ट मागे पडलेला असतो, आणि ‘जि. गोंदिया’ असे छापलेली चिठ्ठी १ मे १९९९ च्या आधीची असूच शकत नाही. गाव जागचे हलले नाही; एक प्रांत, तीन राज्ये आणि दोन जिल्हे त्याच्या अंगावरून गेले. जुनी मासिके जमवणारे मात्र हे वेष्टन सर्वांत आधी फाडून टाकतात. वाचनालयाचा शिक्का, कोपऱ्यात शाईने लिहिलेला वर्गणीदाराचा क्रमांक, समासातली पेन्सिलीची खूण, हे सगळे त्यांच्या लेखी डाग असतात. जुन्या अंकांच्या बाजारात ‘स्वच्छ प्रत’ म्हणजे कुणीही न वाचल्यासारखी दिसणारी प्रत, आणि तिला भावही जास्त मिळतो.

मराठी नियतकालिकांच्या संग्रहाचा विचार करताना मला या आवडीचीच अडचण वाटते. आपले संग्रह, सूची आणि संशोधनही मासिक कुठे निघाले, कुणी काढले, त्यात कोण लिहीत होते या प्रश्नांभोवती उभे राहिले. ते कुठे पोचले, कुणाच्या हातात पडले आणि तिथे त्याचे काय झाले, हा प्रश्न बाजूला राहिला. मासिके निघण्याच्या गावात त्याने फारसे बिघडले नाही. पण गोंदियासारखा जिल्हा, जिथून नाव घ्यावे असे मोठे वाङ्मयीन मासिक निघाल्याची नोंद नाही आणि जिथे मासिके रेल्वेने व टपालाने येत राहिली, तो या रीतीत कोराच दिसतो. वाचल्या गेलेल्या गावाच्या हिशेबाने मासिके जमवली, तरच हा कोरेपणा खरा की नुसता दिसणारा, ते कळेल.

आधी झालेल्या कामाचे ऋण मान्य करू. शंकर गणेश दाते, दिनकर विनायक काळे आणि शंकर नारायण बर्वे यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी नियतकालिकांची सूची केली नसती, तर या विषयावर बोलायला पायाच नसता. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, विदर्भ साहित्य संघ १९२३ चा. अशा संस्थांच्या कपाटांत जे टिकले त्यावर मराठीच्या वाङ्मयेतिहासाचा मोठा भाग उभा आहे. खाजगी संग्राहकांचेही काम मोठे आहे, पण त्यांची नजर बहुधा आधीच लिहिलेल्या इतिहासामागून चालते. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक, १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चाललेला ‘विविधज्ञानविस्तार’, काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजना’चा १९०९ चा पहिला दिवाळी अंक, १९३३ ते १९८२ पर्यंतची ‘सत्यकथा’, आणि अलीकडे ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी लघुअनियतकालिके. शेवटच्या गटाची गंमत अशी की, प्रतिष्ठित मासिकांच्या भारदस्तपणावर चिडून जी चक्रमुद्रित पाने काढली गेली, ती आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपली जातात आणि ज्यांच्यावर चिडायचे त्या अंकांहून जास्त किमतीला जातात. यात वाईट काही नाही. पण ‘काय जमवावे’ या प्रश्नाचे उत्तर जेव्हा समीक्षकांनी आधीच दिलेले असते, तेव्हा संग्रह इतिहासात नवी भर घालत नाही. पाठ्यपुस्तकाला मूळ प्रतींची जोड तेवढी देतो.

या नजरेतून मध्यप्रांतातला मराठी मजकूर सर्वाधिक सुटला, आणि त्याचे कारण अगदी कारकुनी आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापखान्याला आपल्या छापील मालाच्या प्रती सरकारजमा कराव्या लागत, आणि प्रत्येक प्रांत त्यांची तिमाही यादी काढी. मुंबई इलाख्याची यादी मराठी अभ्यासकांच्या नित्य वापरातली. नागपूरला छापलेले मराठी मात्र मध्यप्रांताच्या यादीत, हिंदीच्या शेजारी. १९५६ मध्ये राज्ये फिरली, राजधानी भोपाळला गेली, मराठी जिल्हे मुंबईला जोडले गेले, आणि या मजकुराला आपला म्हणणारे सरकारी दप्तर एक असे उरले नाही. किसन फागुजी बनसोडे यांचे उदाहरण घ्या. नागपूरच्या या कार्यकर्त्याने १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ काढली. म्हणजे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघण्याच्या दहा वर्षे आधीपासून ते अस्पृश्यांची पत्रे चालवत होते. ही नावे दलित पत्रकारितेच्या प्रत्येक इतिहासात येतात. अंक मात्र सलग वाचायला मिळत नाहीत. खुद्द ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ आज सहज वाचता येतात ते महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये त्यांचे पुनर्मुद्रण केले म्हणून, आणि ते करता आले ते मूळचे नागपूरचे, सरकारी नोकरी करता करता आंबेडकरी कागद जमवणारे वसंत मून यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे. पुणे-मुंबईच्या बड्या वाचनालयांनी ही पत्रे बांधून ठेवलीच असतील असे धरून चालणे धोक्याचे होते, हे त्यातून दिसले. ती ज्यांनी वर्गणी भरून वाचली, त्यांच्या पेट्यांतच ती राहण्याची शक्यता जास्त होती. १९५४ मध्ये डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. त्या निवडणुकीचा स्थानिक इतिहास लिहायचा, तर ‘जनता’ साप्ताहिकाचे त्या वर्षीचे अंक लागतात, आणि इथल्या कोणत्या घरांत ते येत होते हे कळले तर तो इतिहास दुप्पट भरेल. तो पत्ता कुठे लिहिलेला असतो, ते वर आलेच आहे.

मासिकेच कशाला, पुस्तके पुरेत, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन कवींची उदाहरणे पुरेशी आहेत. केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांच्या कवितेचा संग्रह हरि नारायण आपट्यांनी १९१७ मध्ये काढला. मधली बारा वर्षे ती कविता जिवंत होती ती अंकांच्या पानांवर, आणि त्यांतले एक ‘काव्यरत्नावली’ नारायण नरसिंह फडणीस जळगावहून चालवत होते. दुसरे उदाहरण गोंदियाच्या अधिक जवळचे आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले हिंदी कवी. नागपूरला ‘नया खून’ साप्ताहिकात काम करून १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या महाविद्यालयात गेले. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. ११ सप्टेंबर १९६४ ला त्यांचा मृत्यू झाला आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला संग्रह त्याच वर्षी आला. तोवर त्यांची कविता, टीका, राजकीय लेखन बरेचसे नियतकालिकांतच विखुरलेले होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपूरला मराठीत लिहीत होते आणि मराठी नवकवितेत त्यांचे स्वतःचे स्थान आहे. एका घरातले दोघे भाऊ, एकाच रेल्वेमार्गावर, दोन भाषांत. पुस्तकांच्या कपाटात हे दोघे दोन वेगळ्या खोल्यांत जातात. मराठी आणि हिंदी अंक एकत्र ठेवणाऱ्या वाचनालयात मात्र त्यांची टेबलावर गाठ पडत होती, आणि गोंदियाचे वाचनाचे टेबल तसेच होते.

गोंदियाच्या बाबतीत हा दुभाषीपणा अपवाद म्हणून सांगून भागत नाही, तो मूळ मुद्दाच आहे. १८८० च्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वे आली, विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत नैनपूर-जबलपूरकडे जाणारा सातपुड्याचा अरुंद मार्ग निघाला, आणि तांदळाच्या गिरण्या व तेंदूपानांवर चालणारे विडी कारखाने यांनी गाव वाढवले. व्यापारात मारवाडी आणि गुजराती, रेल्वेत देशभरातून आलेले कर्मचारी, भोवतालच्या गावांत पोवारी, झाडीबोली, गोंडी आणि लोधी बोलणारी माणसे, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. इतक्या माणसांच्या वाचनाचा इतिहास एका भाषेच्या सूचीत मावणार नाही. इथल्या घरात ‘किर्लोस्कर’ आणि ‘धर्मयुग’, ‘चांदोबा’ आणि ‘कल्याण’ एकाच फळीवर असणे ही साधी गोष्ट. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठीभाषकाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ते याच रेल्वेच्या पलीकडच्या मुलखात. म्हणून इथला संग्राहक जर ‘फक्त मराठी’ असा नियम घालून बसला, तर अर्धे वाचन तो स्वतःच्या हाताने रद्दीत घालील.

आता प्रश्न येतो की इथे जमवण्यासारखे नेमके आहे काय. पहिला थर बाहेरून आलेल्या मासिकांचा: वर्गणीने आलेली, स्टेशनावर विकत घेतलेली, कुणी नागपूरहून सीताबर्डीवरच्या जुन्या बाजारातून आणलेली. यांचे मोल दुर्मिळतेत नाही. ‘स्त्री’च्या किंवा ‘किर्लोस्कर’च्या प्रती इतरत्रही आहेत. पण आमगावच्या वाचनालयाचा शिक्का असलेली ‘स्त्री’ची दहा वर्षे आणि त्याच वाचनालयाची देवघेवीची वही एकत्र सापडली, तर १९३० नंतर या भागातल्या मुली-बायका काय वाचत होत्या, याचे पुरावे पहिल्यांदा हाती येतील. अंकाचे आणि वहीचे हे नाते फार महत्त्वाचे आहे. दोन्ही असले तर साक्षीदार तयार होतो. वह्या जातात त्या बहुधा अंकांच्याही आधी, कारण वही कुणालाच वाचायची नसते. दुसरा थर विदर्भात छापलेल्या मासिकांचा: विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’, बालकांसाठीचे ‘मुलांचे मासिक’, शेती-उद्योगावरचे ‘उद्यम’, विदर्भ संशोधन मंडळाची वार्षिके. यांतले शेवटचे नाव कुणाला रूक्ष वाटेल. पण आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगितलेले विदर्भातले पद्मपूर होय, हे मत म. म. वा. वि. मिराशींनी मांडले, पद्मपुराहून दिलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटाची साक्षही त्यांनी त्यात आणली. असे वाद पुस्तकांत येतात ते निकाल लागल्यासारखे होऊन. एकाने काय म्हटले, दुसऱ्याने काय खोडले, पहिल्याने कुठे माघार घेतली, ही सगळी हालचाल संशोधन-पत्रिकांच्या पाठोपाठच्या अंकांतच दिसते. आज गोंदिया जिल्हा भवभूतीचे नाव अभिमानाने घेतो. त्या अभिमानामागचा युक्तिवाद वाचायचा झाला, तर त्या पत्रिका जिल्ह्यातच मिळायला हव्यात, नागपूरची गाडी पकडावी लागू नये.

तिसरा थर सर्वांत हलका आणि सर्वांत लवकर नाहीसा होणारा. महाविद्यालयांची वार्षिके, शाळांचे रौप्यमहोत्सवी अंक, संमेलनांच्या स्मरणिका, समाजसंस्थांच्या पत्रिका, भाताची कापणी आटोपल्यावर गावोगावी भरणाऱ्या मंडईतल्या नाटकांची हँडबिले, दंडारीची जाहिरातपत्रके. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या जोरावर दिवाळीपासून पुढे चार महिने चालते आणि अर्जुनी मोरगावपर्यंतच्या गावांत रात्रभर प्रेक्षक बसवते. तिच्याविषयी पुण्या-मुंबईच्या नाट्यविषयक नियतकालिकांत जेवढे छापले गेले त्याहून अधिक माहिती एका हंगामाच्या हँडबिलांत असते. कोणते नाटक, कोणते गाव, कोणती तारीख, तिकीट किती, नटी कुठून बोलावली, आयोजक मंडळ कोणते. झाडीबोलीला लिखित भाषेची प्रतिष्ठा मिळावी म्हणून डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साकोलीच्या परिसरातून जी चळवळ केली, तिची वाटचालही संमेलनांच्या स्मरणिकांत आणि छोट्या पुस्तिकांतच सापडते. बोलीतले लेखन पुस्तकापर्यंत उशिरा पोचते, मासिकाच्या नोंदणीपर्यंत तर क्वचितच. त्यामुळे ‘नियतकालिक’ या शब्दाची व्याख्या इथे सैल करावी लागेल. वर्षातून एकदा किंवा आयुष्यात एकदाच निघालेला अंकही या संग्रहात बसतो. सूचीकार कपाळाला आठ्या घालतील. घालू द्याव्यात.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि त्यांतला पहिला रास्त आहे. आता सगळे स्कॅन होते आहे, मग हा पिवळा कागद कशाला सांभाळायचा? स्कॅनिंगला विरोध करण्याचे काही कारण नाही. दूर राहणाऱ्या अभ्यासकाला त्याइतका उपकारक शोध नाही. पण स्कॅन साधारणपणे उपलब्ध प्रतींतली सर्वांत स्वच्छ प्रत निवडून होतो, म्हणजे वाचल्याची खूण नसलेली. मजकूर येतो, वाचक गळतो. शिवाय जाहिरातींची पाने, मधले रंगीत चित्र, घडी घालून चिकटवलेला वर्गणीचा फॉर्म, हे बांधणीच्या वेळी काढून टाकलेले असते. बांधीव संचावरून केलेल्या स्कॅनमध्ये ते कधी होते याचाही मागमूस राहत नाही. सुटा, फाटका, वेष्टनासकट राहिलेला अंक इथे बांधीव संचापेक्षा जास्त सांगतो. स्कॅन झाला म्हणून कागद विकणे हे फोटो काढला म्हणून शेत विकण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप: कायद्याने प्रती मिळणारी मोठी ग्रंथालये आहेत ना? १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने, १९५६ च्या दुरुस्तीनंतर नियतकालिकांसह, कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रती पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. कागदावर व्यवस्था चोख आहे. व्यवहारात तालुक्याच्या छापखान्यातला स्मरणिका-अंक या चार गावांना पाठवायचे कुणाच्या डोक्यात येत नाही. उलट १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने गव्हाच्या मोबदल्यात इथे साठलेल्या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके व मासिके पद्धतशीर विकत घेतली, आणि त्यामुळे एखाद्या मराठी मासिकाचा सलग संच महाराष्ट्रापेक्षा शिकागोत मिळण्याची शक्यता निर्माण झाली. मोठ्या केंद्रांवर भिस्त ठेवायची तर ते केंद्र आपल्या राज्यात असेलच असे नाही, एवढाच याचा अर्थ. आणि तिसऱ्या थरातले कागद या जाळ्यातही आले नाहीत. ते जिथे वाटले गेले तिथेच आहेत, असले तर.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. जिल्ह्यात ठेवायचे म्हणता, पण ते टिकणार कसे? हा भाताचा, तलावांचा, मुसळधार पावसाचा मुलूख. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि महिन्याभरात हवा ओली होते. १९४० नंतरच्या मासिकांचा कागद लाकडाच्या वा बांबूच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लाने तो आपोआपच तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो; टाचणीच्या पिना गंजून मधले पान खातात; उरलेले उधई आणि कसर पाहून घेतात. (झाडीपट्टीच्या जंगलातल्या बांबूचा कागद बल्लारपूरला झाला, त्याची मासिके पुन्हा झाडीपट्टीत आली आणि तिथल्याच उधईने ती खाल्ली, हा हिशेब निसर्गाच्या बाजूने अगदी बरोबर आहे.) हे सगळे खरे असूनही यातला बराचसा नाश हवेमुळे होत नाही. तो होतो नोंदीअभावी. सार्वजनिक वाचनालयात पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो आणि ते बाद करायचे तर निर्लेखनाची रीत पाळावी लागते. मासिके सहसा त्या नोंदवहीत चढतच नाहीत. ती ‘आली’ आणि ‘गेली’ यांच्यामध्ये कुठेच नसतात. अनुदानाच्या नियमांत चालू नियतकालिके किती घेता हे विचारले जाते. जुनी किती ठेवलीत हे विचारण्याची तशी सवय नाही. त्यामुळे ग्रंथपाल ती किलोवर घालतो तेव्हा तो काही चुकीचे करत नसतो, नियमाप्रमाणेच वागत असतो. हे बदलायला वातानुकूलित इमारत लागत नाही. गंजलेल्या पिना काढून सुती दोरा, अंक उभे न कोंबता आडवे ठेवण्यासाठी झाकणाच्या पेट्या, भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वीतभर वर फळ्या, बांधीव संचांत आपल्या आज्यांनी पोथ्यांत ठेवले तसे वेखंड, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा चाळणी. चिकटपट्टी मात्र लावू नये, ती उधईपेक्षा वाईट. पोथ्या या मुलखात शेकडो वर्षे टिकल्या. मासिकाने तीस वर्षांत मरावे असे हवामानाने ठरवलेले नाही.

एका सामान्य गावातून, सामान्य मिळकतीतून असे काम होते का, याची दोन उत्तरे भारतातच आहेत. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या कोट्टैयूर गावी रोजा मुथय्या चेट्टियार या पाट्या रंगवणाऱ्या चित्रकाराने तमिळ पुस्तके, मासिके, नाटकांची हँडबिले, लग्नपत्रिकांपर्यंत सगळे जमवले. १९९२ मध्ये ते गेल्यावर शिकागो विद्यापीठाने तो संग्रह घेतला. पण तो अमेरिकेत गेला नाही, चेन्नईत ग्रंथालय म्हणून उभा राहिला आणि आज तमिळ मुद्रणाच्या अभ्यासाला त्याच्याशिवाय पुढे सरकता येत नाही. कोलकात्यात संदीप दत्त या शिक्षकाने, राष्ट्रीय ग्रंथालयात लघुमासिकांची होणारी हेळसांड पाहून, १९७८ मध्ये राहत्या घरी लघुमासिकांचे ग्रंथालय सुरू केले आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. दोघांनीही विद्वानांची यादी हातात धरून निवड केली नाही. समोर आले ते घेतले, आणि निवडीचे काम पुढच्यांवर सोडले. संग्राहकाची रसिकता ही संग्रहाची पहिली शत्रू असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मग सगळेच ठेवायचे का, हा शेवटचा आणि खरा अवघड प्रश्न. जातिसंस्थांच्या पत्रिकांत आत्मस्तुती भरपूर असते, स्मरणिकांची अर्धी पाने दुकानांच्या शुभेच्छांनी भरलेली असतात, महाविद्यालयीन वार्षिकांतली कविता बहुतेक वेळा वाईट असते. वाङ्मय म्हणून यांतले फार थोडे तरेल. मान्य. परंतु शुभेच्छांच्या त्याच पानांवरून १९६५ साली गोरेगावात किंवा तिरोड्यात कोणती दुकाने होती, कुणाची गिरणी चालत होती, कोणत्या डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता, हे कळते. त्याच वाईट कवितेतून ‘सत्यकथे’चे वळण जिल्ह्यापर्यंत किती वर्षांनी आणि किती पातळ होऊन पोचले ते दिसते. आत्मस्तुतीच्या पत्रिकेत पोवारीतला एखादा विनोद, लग्नातले गाणे छापलेले असते, जे दुसरीकडे छापले गेले नसते. सगळे ठेवणे शक्य नसेल तर निवडीचा नियम उलटा असावा: जे पुणे-मुंबईत हमखास मिळते ते जागा नसल्यास सोडावे, जे इथेच छापले, वाटले, वाचले गेले ते कितीही सुमार असले तरी ठेवावे. आजवर नेमके याच्या विरुद्ध होत आले आहे. ‘सत्यकथा’ कपाटात, स्मरणिका भट्टीत.

कॉपीराइटची भीती घालणारेही भेटतात. मासिकातल्या प्रत्येक लेखाचा हक्क वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, निनावी मजकुराचा प्रकाशनापासून ६० वर्षे. त्यामुळे १९५० नंतरचे बरेच काही सरसकट जगासमोर ठेवता येत नाही, हे बरोबर आहे. पण कपाटात ठेवायला, यादी करायला आणि वाचनालयात बसून वाचू द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि सध्या निकड आहे ती यादीचीच. आठ तालुक्यांतल्या वाचनालयांनी, महाविद्यालयांनी आणि ज्यांच्या माळ्यावर गठ्ठे आहेत अशा घरांनी आपापली यादी एका ठिकाणी मिळवली, तर अंक जिथे आहेत तिथेच राहूनही जिल्ह्याचा संग्रह तयार होतो. यादीत नाव, महिना, वर्ष याबरोबर चौथा रकाना असावा: शिक्का, पत्ता, हस्ताक्षर. मराठी सूचींत हा रकाना सहसा नसतो. तो सुरू करायला गोंदियासारखी जागा दुसरी नाही, कारण इथे त्या एका रकान्यात प्रांत, राज्य आणि जिल्हा बदलल्याची नोंद आपोआप उतरते.

दिवाळीच्या तोंडावर माळे आवरले जातात आणि रद्दीवाल्याच्या फेऱ्या वाढतात. अंक विकायचेच असतील तर विकावेत, घर कुणाचे संग्रहालय नव्हे. फक्त गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक अंकाचे नाव, महिना, वर्ष आणि वेष्टनावरचा पत्ता एका वहीत उतरवावा, आणि ती वही जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावी.